अण्णांचा ग्लास

हसू नका, पण बेचाळिसाव्या वर्षी मी आमच्याच भाडेकरूवर जळत होतो. मारुंजीत आमच्या वरच्या मजल्यावर अमोल राहतो, नागपूरचा. दर शनिवारी संध्याकाळी तो माझ्या वडिलांना, अण्णांना, गच्चीवर बोलवायचा आणि व्हिस्कीत कडसर लाल दारू, गोडसर वाइन घालून, वर संत्र्याची साल पिळून कॉकटेल द्यायचा. खाली आले की अण्णा म्हणायचे, "पोराच्या हाताला लई चव हाय." माझ्या हाताबद्दल ते असं कधीच बोलले नव्हते.

शेवटी मीही त्या तिन्ही बाटल्या आणल्या. मोबाइलवर बघून माप शिकलो. शनिवारी अमोलने बोलवायच्या आधीच अण्णांना अंगणात बसवलं, ग्लास हातात दिला आणि समोर उभा राहिलो.

त्यांनी घोट घेतला. "बरं झालंय."

"अमोलसारखं?"

"चव तीच हाय रं. पण त्यो संगं बसून पितुया. तू मास्तरावानी उभा हायेस."

"तुमच्यासमोर कसा पिऊ, अण्णा?"

"मी कवा न्हाई म्हणलोय? बस हितं."

आमच्या घरात बापासमोर कुणी पीत नाही. तरी मी एक ग्लास बनवून त्यांच्या शेजारी बसलो. छाती फुगली होती. ग्लास ओठाला लावला, तेवढ्यात अण्णा वर बघून ओरडले, "अमोल, ये की खाली! ह्यो बी शिकलाय बघ!"

तो पहिला घोट मला नुसता कडूच लागला.