उणे एक्केचाळीस

...आणि वर मलाच म्हणतो, "तुमची वस्ती आमच्या सीमेच्या फार जवळ आली आहे!" मला! अहो, मी तिथे पहिल्या खेळीपासून होते! नदी माझी, टेकडी माझी, टेकडीवरच्या मेंढ्या माझ्या! हा बाबा कुठून तरी चार बैल आणि एक तंबू घेऊन उगवला, माझ्या अगदी नाकासमोर गाव वसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मिशीला पीळ देत हजर... "फार जवळ आली आहे!" आता काय करू? गाव उचलून मागे सरकवू? कपाट आहे का ते?

थांबा, नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंचं डोकं फिरलं. मी एक्स-रे काढते. तीस वर्षं इस्पितळात तेच काम. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या... धरा... सोडा. झालं. पुढचा. तर हे जे राज्य आहे ना, ते माझ्या मोबाइलमध्ये आहे. खेळ आहे एक. आपण एक राजा व्हायचं, शहरं वसवायची, शेती करायची, आणि रोज एकच खेळी खेळायची. आपली झाली की दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. घाई नाही, पळापळ नाही. दोन पेशंटच्या मध्ये माझी खेळी होते.

हे सगळं माझ्या धाकट्या भावाचं खूळ. तो जमिनीची मोजणी करतो. नोकरी लांबच्या गावी, लग्न केलं नाही, एकटा जीव. आणि मी कशी? फोन आला की "अरे पेशंट आहे, ठेवते." घरी असताना आला की "अरे गॅसवर दूध आहे, ठेवते." एकदा सुट्टीला आला, माझा मोबाइल घेतला आणि त्यात हा खेळ घालून दिला. म्हणाला, "ताई, तुला बोलायला वेळ नसतो ना, मग निदान रोज एक खेळी खेळ. तेवढंच कळेल मला, तू आहेस म्हणून."

तर राजे चार. मी, माझा भाऊ, आणि दोन संगणकाचे. एक हा मिशाळ. आणि एक राणी, गळ्यात मोत्यांच्या पाच-सहा माळा, तिला मी मोतीबाई म्हणते. तुम्हाला सांगते, ही संगणकाची माणसं म्हणजे एकेक नमुना आहे! सैन्य नसलं की मिशाळ हसतो, "तुमचे सैन्य पाहून आमच्या कोंबड्याही घाबरत नाहीत." बरं बाबा, म्हणून चार पलटणी उभ्या केल्या, तर लगेच, "आपण आमच्यावर चाल करून येणार आहात काय?" अरे, ठरव ना एकदा! परवा म्हणतो, तुमचे सगळे घोडे द्या, मी एक पोतं मीठ देतो. का, तर न्याय्य व्यवहार! आणि नाही म्हटलं की तोंड पाडतो.

मोतीबाईंची आणखी वेगळी तऱ्हा. पन्नास खेळ्या गळ्यात गळा. "हे शूर राजा, आपली मैत्री सूर्यासारखी अढळ आहे!" राजा म्हणते हं मला, त्या खेळाला कुणी सांगितलंच नाही की पलीकडे बाई आहे. आणि एक्कावन्नाव्या खेळीला युद्ध! मी तटबंदी बांधली, धान्य भरलं, वाट बघतेय, वाट बघतेय... कुणी येतच नाही! तिचं राज्य समुद्रापलीकडे आणि बाईंकडे एकसुद्धा होडी नाही! महिन्याभराने पडद्यावर आली आणि म्हणते, "आपण पुरेसा त्रास भोगला आहे, दोन शहरे द्या आणि तह करा." हसू का रडू!

पण एक आहे. सांगतात हो. तोंडावर सांगतात!

म्हणजे त्यांच्या चित्रावर बोट ठेवलं ना, की यादी उघडते. तुमच्यावर राग का आहे, किती आहे, मुद्देसूद, आकड्यांसकट. मिशाळचं बघा. "आमच्या सीमेजवळ वस्ती केली : उणे पाच. आम्हाला बांधायचे होते ते दीपगृह आधी बांधले : उणे चार. आमच्या शत्रूला नमस्कार केला : उणे दोन." आणि खाली, "एकदा मासे दिले होते : अधिक एक." बघा! माशांचीसुद्धा आठवण ठेवलीय मेल्याने!

आता आमच्या घरी बघा. आमचे हे. चार दिवस गप्प. मी विचारते, "काय झालं?" "काही नाही." "माझं काही चुकलं?" "काही नाही." "मग बोलत का नाही?" "काही नाही म्हटलं ना!" आता कुठे बोट ठेवू? कपाळावर? यादी उघडते का? आठव्या दिवशी कळतं की यांचा जुना स्वेटर मी भांडी पुसायला घेतला. मिशाळ असता तर त्याच दिवशी म्हणाला असता, स्वेटर : उणे तीन. आणि मोकळा झाला असता. सांगतात हो, तोंडावर सांगतात!

बरं, मग झालं काय. हे सगळे राजे रोज काही ना काही बोलायला येतात आणि प्रत्येक वेळी एक चौकट उघडते. त्यात चार ओळी, खाली एकच बटण, "ठीक आहे." सुरुवातीला मी वाचायचे. पण रोज काय वाचायचं? सीमा, घोडे, मैत्री, मीठ! बाहेर बाकावर दहा पेशंट बसलेत, कुणाचं मनगट, कुणाचा गुडघा. मग आपलं सरळ ठीक आहे, ठीक आहे, ठीक आहे... अंगठ्याला सवयच लागली. श्वास घ्या, धरा, सोडा, ठीक आहे, पुढचा.

आणि एक दिवस सहज एक चौकट वाचली. भावाच्या राज्याकडून आलेली. "हे शूर राजा, आपल्या मैत्रीचा आम्हांस अभिमान वाटतो." मी उडालेच! आमचा भाऊ? ज्याने पन्नास वर्षांत कधी "भाजी चांगली झाली" म्हटलं नाही, फक्त ताट पुढे सरकवलं, त्याला माझा अभिमान? मला इतकं बरं वाटलं, मी त्याला बारा घोडे फुकट पाठवले. डोळे पुसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी भावाचंच राज्य म्हणतं, "तुमची वस्ती आमच्या सीमेच्या फार जवळ आली आहे."

आता मात्र मी चौकट पुन्हा वाचली. हे वाक्य मला पाठ आहे हो! हे मिशाळचं वाक्य आहे! मी त्याच्या चित्रावर बोट ठेवलं. एरवी तिथे कोरंच असतं, कारण माणसाच्या मनातलं त्या खेळाला कुठून कळणार? तर त्या दिवशी वरच लिहिलेलं, "हा खेळाडू एकवीस दिवस आलेला नाही. राज्याचा कारभार आता संगणक पाहतो." एकवीस दिवस! ही सूचनासुद्धा मला आली असणार, आणि तिलाही मी ठीक आहे म्हटलं असणार. आणि खाली यादी. यादीत एकच ओळ.

"निरोपांना उत्तर दिले नाही : उणे एक्केचाळीस."

मिशाळ माझा सख्खा वैरी, त्याचा सगळा राग मिळूनसुद्धा उणे अकरा!

शोधशोध शोधलं. भावाने स्वतः लिहिलेले निरोपही त्याच चौकटीत यायचे; जुने निरोप एका कोपऱ्यात साठवलेले असतात, तिथे सापडले. सीमा आणि मिठाच्या गर्दीत बसलेले, एक्केचाळीस. "ताई, पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय." ठीक आहे. "ताई, तुमच्या वरची खोली अजून रिकामी आहे का गं?" ठीक आहे. "घरमालकांना विचारशील का? मला फार जागा लागत नाही." ठीक आहे. "ताई, तुला अडचण होणार असेल तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही." ठीक आहे! आणि शेवटचा, दोनच शब्दांचा. "बरं. कळलं."

तुम्हाला सांगते, तीस वर्षं मी लोकांच्या छातीच्या आत बघते. आणि सख्खा भाऊ रोज दारात येऊन उभा राहत होता, ते मला दिसलं नाही.

एक पेशंट तसाच श्वास धरून उभा होता हो! त्याला म्हटलं, सोडा, सोडा, आणि बाहेर येऊन फोन लावला. उचलला त्याने. मी म्हटलं, "अरे, वरची खोली..." तर म्हणतो कसा, "असू दे ताई. इथेच राहतो. सवय आहे मला." आवाज शांत. मी म्हटलं, "रागावलास?" "छे गं. काही नाही." काही नाही! ऐकलंत? म्हटलं, "तू आता काही बोलू नकोस, पेशंट आहे, ठेवते." आणि तश्शी घरी. मालकांच्या दारात उभी. मालक म्हणाले, "अहो, एक गृहस्थ खोली बघून गेलेत, उद्या पक्कं करणार आहेत." मी म्हटलं, "उद्या कशाला? मी आत्ता पक्कं करते. आणि किल्ली घेतल्याशिवाय इथून हलत नाही." दाराच्या पायरीवर बसलेच. मालकांचं जेवण झालं, हात धुतले, मग किल्ली दिली.

आला. एक ट्रंक, एक खुर्ची आणि मोजणीच्या फितीचा डबा घेऊन आला. आल्या आल्या खोली मोजली आणि म्हणाला, "चांगली आहे." त्याच्या तोंडून चांगली! मी जिन्यातच रडले.

आता खेळ तो खेळत नाही. म्हणतो, "समोर आहेस की आता, मोबाइलमध्ये कशाला?" त्याचं राज्य संगणकच चालवतो. मी मात्र रोज जाऊन त्याच्या चित्रावर बोट ठेवते. दहा खेळ्यांनी राग एकने उतरतो, तसा नियम आहे. काल होता उणे एकोणचाळीस. संध्याकाळी चहा देताना हळूच विचारते, "राग गेला का रे?" "कसला राग? काही नाही गं." आता तुम्हीच सांगा, खरं कोणाचं धरायचं? मी संगणकाचं धरते. रोज एक खेळी म्हणजे अजून तीनशे नव्वद चहा. ठीक आहे.

फक्त एक आहे... पहाटे साडेपाचला उठतो आणि ती खुर्ची ओढतो. बरोबर माझ्या डोक्यावर. खर्रर्र करून खिडकीपाशी, खर्रर्र करून परत. वाटतं, धाडधाड जिना चढावं, कमरेवर हात ठेवावेत आणि म्हणावं, हे शूर राजा, तुमची वस्ती आमच्या सीमेच्या फार जवळ आली आहे! मिशाळने सांगितलं असतं हो, तोंडावर सांगितलं असतं!

परवा त्यानेच विचारलं, "ताई, माझ्या खुर्चीचा त्रास तर होत नाही ना तुला?"

मी म्हटलं, "छे रे. काही नाही."