वरचे एकोणचाळीस टक्के

दुकानदार : साहेब, मी तुमचं बजेट विचारलं होतं. हा कागद कसला?

नवरा : बजेटच आहे. कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख. ही रेघ बघा. इथपर्यंत मला नीट ऐकू येतं, इथून ती घसरली ती थेट तळाला. पस्तीस वर्षं बॉयलर तपासले, त्याचं बक्षीस.

दुकानदार : अरेरे.

नवरा : हळहळू नका, हिशेब करा. वरचे बारीक आवाज मला येतच नाहीत, तर त्यांचे पैसे मी का भरू?

दुकानदार : साहेब, स्पीकर कापडासारखा मीटरवर नाही मिळत.

बायको : मीही हेच सांगितलं. चार दिवस पट्टी घेऊन बसलेत. साठ टक्के काढलेत.

नवरा : एकसष्ट.

दुकानदार : म्हणजे या पाच लाखांच्या जोडीचे तुम्ही...

नवरा : तीन लाख पाच हजार. ते वरचे पाच डाव्या कानाचे. तो जरा बरा आहे.

दुकानदार : एवढ्यात ती कोपऱ्यातली जोडी बसेल. चांगली आहे, फक्त वरच्या अंगाला थोडी बोथट.

नवरा : मग आमचं जमेल. बांधा.

बायको : बांधू नका.

नवरा : आता काय?

बायको : आलेख एकाचाच काढलात. घरात माणसं दोन आहेत.

नवरा : तू कुठे ऐकतेस? गाणं लावलं की स्वयंपाकघरात जातेस.

बायको : का जाते, विचारलंत कधी? तुम्ही बटण पिरगाळता, तो जुना डबा किंचाळतो, आणि मी घासलेली भांडी परत घासते. अहो दुकानदार, ती पाच लाखांची मोठी जोडी लावा. रेकॉर्ड आणलीये मी.

नवरा : ही तर माझी.

बायको : माझ्या भावाने लग्नात दिलेली. तुमची कधी झाली?

(दुकानदार रेकॉर्ड लावतो. तिघं गाणं शेवटपर्यंत ऐकतात.)

नवरा : भरदार आहे. पण दोन लाख जास्त द्यावेत असं काही वेगळं नाही ऐकू आलं.

बायको : पहिल्या ओळीआधी ती श्वास घेते.

नवरा : कोण?

बायको : गाणारी. एवढासा. कित्येक वर्षांनी आज ऐकला.

नवरा : असं काही नाहीये त्यात. ही रेकॉर्ड मला पाठ आहे.

बायको : तुम्हीच दाखवला होतात मला. लग्नानंतर पहिल्याच रविवारी. ‘थांब, आता घेईल बघ,’ म्हणालात.

नवरा : मी?

बायको : तुम्ही. तेव्हा बॉयलरवर लागून तुम्हाला महिनाही झाला नव्हता.

दुकानदार : मी जरा चहाचं बघतो.

बायको : बसा हो. तीन लाख पाच हजार यांचे, वरचे एक लाख पंचाण्णव माझे. मी ठेव मोडते.

नवरा : ती तू दातांसाठी ठेवली होतीस.

बायको : एका बाजूने चावता येतं. एका बाजूने ऐकून कंटाळले मी.

दुकानदार : मग मोठी बांधू?

नवरा : बांधाल हो. आधी पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावा. आणि तू, आला की सांग मला.

बायको : हात द्या इकडे.

नवरा : दुकानात?

बायको : द्या. बोलू नका आता.

(दुकानदार रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावतो.)

बायको : आत्ता.