चाळीसपर्यंत लोणी, पंचेचाळीसला गिरणी

...आणि वर मलाच विचारतात, विक्रम, मुळात जीप उंच केलीस कशाला? आता काय सांगायचं? हौस म्हणून केली का मी? मी ठिबकचा माणूस, दुकान जळगावात, पण काम सगळं बाहेर, चोपड्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला, जिथं रस्ता म्हणजे आदल्या दिवशी ट्रॅक्टर जिथून गेला ती जागा. तिथं वेस्ता पावरा म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या विहिरीवर ठिबकच्या नळ्या टाकायला गेलो तर नाल्यातल्या एका दगडावर माझी जीप अशी टेकली, अशी टेकली, की चाकं गरागरा फिरतायत आणि गाडी जागच्या जागी. वेस्ता आला, वाकून खाली बघितलं, बिडी पेटवली आणि म्हणाला, "भाऊ, तुनी गाडीनं पोट खाले शे."

बस. एवढंच म्हणाला. पण मला ते लागलं ना मनाला. म्हटलं, पोट खाली आहे काय, मग घेऊ वर.

आमचे शकील मिस्त्री, त्यांच्याकडे नेली. शकीलभाईंनी चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवला, पाटे जिथं मागं अडकवतात तिथल्या पट्ट्या लांब टाकल्या, आणि जीप चांगली तीन इंच वर. काय दिसत होती म्हणता! मी गल्लीत आणली तर शेजारची पोरं-म्हातारी सगळी बाहेर. फक्त ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, तिनं दारातूनच विचारलं, "अहो, यात चढायचं कसं?" कारण तिला सहावा महिना. म्हटलं, स्टूल ठेवू.

दुसऱ्या दिवशी हायवेला काढली. वीस, तीस, चाळीस... एकदम मस्त. आणि पंचेचाळीसला काटा गेला, तर खालून असा थरथराट सुरू झाला, आरसा हलतोय, गिअरचा दांडा हलतोय, माझे गाल हलतायत. पाय काढला, चाळीसवर आली, बंद. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. तुम्हाला सांगतो, चाळीसपर्यंत लोणी, पंचेचाळीसला गिरणी. पिठाची गिरणी असते ना, दाणे संपल्यावर नुसती दगडावर दगड फिरते, तशी.

शकीलभाईंकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, जसे काही नाडी बघतायत. "विक्रमभाऊ, टायर." टायर बॅलन्स केले. चाळीसपर्यंत लोणी, पंचेचाळीसला गिरणी. "विक्रमभाऊ, इंजिनचं फाउंडेशन बसलंय." म्हणजे इंजिन ज्यावर ठेवतात ते रबर. बदललं. पुन्हा तेच. "विक्रमभाऊ, क्रॉस." आता हे क्रॉस म्हणजे काय, तर इंजिनाकडची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा असतो, त्याला दोन्ही टोकांना सांधा असतो, आपल्या मनगटासारखा, त्या सांध्यातला तो तुकडा. दोन्हीकडचे नवे टाकले. मी देवाचं नाव घेऊन बांभोरीच्या पुलापर्यंत गेलो... गिरणी.

बरं, शकीलभाई माणूस इतका चांगला, की रागवायचीही सोय नाही. दर वेळी तोच चेहरा पाडून मला चहा पाजायचे. "भाऊ, वीस वर्षं झाली, असा हलकटपणा मी कुठल्या गाडीत बघितला नाही." म्हणजे गाडीलाच शिव्या. माझ्या.

आणि गावातले सल्ले वेगळेच. एक म्हणतो डिझेल बदला. एक म्हणतो पंचेचाळीसला थरथरते ना, मग साठला पळवा, कळणारच नाही. पळवली. कळलं.

पण गंमत कुठवर? या सगळ्यात आठवा महिना लागला, आणि एक दिवस ज्योत्स्नाला तपासायला घेऊन निघालो होतो. म्हटलं, चाळीसच्या वर जाणार नाही. पण मागून ट्रक, बाजूला ट्रक, हॉर्नवर हॉर्न, पाय पडला जरा जास्त आणि झालं सुरू. ज्योत्स्नानं फक्त दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी गाडी बाजूला घेतली, बंद केली. दोघं पाच मिनिटं तशीच बसलो. मग ती म्हणाली, "हललं. ठीक आहे." पुढं रिक्षानं गेलो. त्या पाच मिनिटांत मला जे वाटलं, ते मी शकीलभाईंनाही सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, प्रवास करायचा तर या आठवड्यात करा आणि धक्के अजिबात नकोत. पहिलं बाळंतपण माहेरी, माहेर धुळ्यात, देवपूरला. सासरे धनसिंग सर. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शिवाय एनसीसीचे मास्तर. रिटायर झाले तरी घरात चालतात तेसुद्धा लेफ्ट-राइट. त्यांचा फोन आला. "जावईबापू, मी रविवारी भाड्याची गाडी घेऊन येतो. माझी मुलगी तुमच्या त्या गिरणीत बसणार नाही."

आता हा 'गिरणी' शब्द त्यांना कुणी सांगितला? मी ज्योत्स्नाकडे बघितलं, ती कणीक मळायला लागली.

तुम्हीच सांगा, दारात स्वतःची जीप उभी, आणि बायको भाड्याच्या गाडीतून माहेरी जाणार? गल्ली काय म्हणेल हे सोडा, मला स्वतःलाच कसं वाटेल? रविवारी सर आले, पांढरा शर्ट, पांढरी पँट. मी म्हटलं, बाबा, दुपारपर्यंत वेळ द्या. ते म्हणाले, "चला. बघू तरी काय आहे."

शकीलभाईंनी दुकान उघडलं. सरांनी गोणपाट मागितलं, ते अंथरलं, आणि तुम्हाला सांगतो, अडुसष्ट वर्षांचा माणूस, पांढऱ्या कपड्यांत, सरळ जीपखाली, मागोमाग शकीलभाई. मी बाहेर. आतून आवाज येतायत.

"मिस्त्री, हा दांडा इथून निघतो आणि त्या मागच्या गोळ्याला जातो?"

"हो सर."

"दोन टोकांना दोन सांधे. मग दोन्हीकडचा कोन सारखा हवा ना?"

"पायजेच ना सर. कंपनीतून तसाच येतो. एका सांध्याचा झटका दुसरा सांधा खाऊन टाकतो."

"उंच केल्यावर मोजला?"

आत पाना खाली पडल्याचा आवाज आला.

शकीलभाई बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जीपकडे बघितलं. सरांचा आतून हुकूम, "जावईबापू, एक कोनमापक, थोडा दोरा आणि एक नट आणा." मी पळत. कोनमापक आणायला स्टेशनरीच्या दुकानात गेलो तर तो म्हणतो सुटा मिळत नाही, अख्खी कंपासपेटी घ्या. घेतली. सरांनी नट दोऱ्याला बांधून गवंड्याच्या ओळंब्यासारखा सोडला आणि मोजलं. पुढं चार अंश, मागं आठ. लांब पट्ट्यांमुळे मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा फिरला होता, त्याचं नाक वर झालं होतं.

"समांतर रेषा," सर खालूनच म्हणाले, "नववीला असतात. जावईबापू, तुम्ही नववीत होतात ना?"

होतो. काय सांगणार, होतो.

शकीलभाईंना मात्र एकदम हुरूप आला. लोखंडी पट्टीच्या दोन पाचरी घासून घासून केल्या, बरोबर चार अंशांच्या, दोन्ही बाजूंना पाटा आणि धुरा यांच्या मधे बसवायच्या, म्हणजे नाक खाली. मी म्हटलं, मी देतो हातात. तेवढं तरी काम करू द्या ना मला. दिल्या. बोल्ट आवळले. सर पुढं बसले, मी गाडी काढली.

तिसालाच गिरणी.

अहो, तिसालाच. आणि आधीपेक्षा दुप्पट. सरांची कवळी वाजतेय, "जा-जा-जा-जावईबापू, था-था-थांबा." परत आलो. पाचरी उलट्या बसल्या होत्या, जाड बाजू पुढं हवी तिथं मागं. नाक खाली यायच्या ऐवजी आणखी वर, बारा अंश. कुणी दिल्या उलट्या? शकीलभाई म्हणाले, "भाऊनं दिल्या तशा मी टाकल्या." सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं वर्गात किती पोरांनी आपणहून अंगठे धरले असतील, मला कळलं.

पुन्हा सोडलं, पुन्हा बसवलं. या वेळी मला चहा आणायला पाठवलं. मग निघालो. चाळीस. पंचेचाळीस. मी श्वास रोखलेला. पन्नास. साठ. सत्तर. काही नाही. नुसता वाऱ्याचा आवाज. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठीक."

भाड्याची गाडी रिकामी परत गेली. ज्योत्स्ना स्टुलावरून जीपमध्ये चढली, मागं उशा लावल्या, आणि एरंडोल यायच्या आत झोपली. पारोळा गेलं तरी झोपलेली. मी आरशात बघत होतो, आरसा हलत नव्हता, म्हणून ती नीट दिसत होती. खरं सांगतो, त्या दोन तासांत मी सरांशी एक शब्द बोललो नाही, आणि त्यांनाही काही बोलावंसं वाटलं नसावं.

पण देवपूरला पोचलो आणि सरांना वाचा फुटली. शेजारचे रिटायर मास्तर जमले, सर प्रत्येकाला गोणपाटावर झोपवून खालचा कोन दाखवतायत. "आठ होता, चार केला. जावई सोबत होते." सोबत! संध्याकाळी मी किल्ली मागितली तर म्हणाले, "दिवस भरत आलेत. दवाखान्यात न्यायला घरात गाडी हवी, आणि इतकी मऊ चालणारी दुसरी कुठली मिळणार? मी एनसीसीत जीपच चालवायचो." मी ज्योत्स्नाकडे बघितलं. ती म्हणाली, "बाबा बरोबर म्हणतायत."

मग काय, आलो स्टँडवर. जळगाव एसटी, सगळी भरलेली, शेवटची सीट मिळाली, चाकाच्या वर. बसलो, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं मात्र, आणि खालून असा थरथराट सुरू झाला, खिडक्या वाजतायत, दांड्या वाजतायत, माझे गाल पुन्हा हलायला लागले. कंडक्टर तिकिटं फाडत आला, त्याला म्हटलं, दादा, कोनबिन मोजलाय का कधी, हा थरथराट कसला?

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "कसाना थरथराट, भाऊ? गाडी ते आजून उभी शे."