ब्लॅकआउटचा ठेका

सरकारी कामं ठेक्यावर द्या म्हणून राहिले ना तुम्ही? मग आधी आमच्या साडूचा ब्लॅकआउट ऐका.

एकाहत्तरची लढाई सुरू होती. दुश्मनाच्या विमानाला वस्ती दिसू नये म्हणून आमच्या घमापूर मोहल्ल्यात संध्याकाळी घरोघरचे दिवे विझवून घ्यायचं काम आम्ही फॅक्टरीवाले ड्यूटीनंतर पाळीपाळीनं, बिनपगारी करायचो. तिथल्याच एका गल्लीत साडूचं खाली किराणा दुकान, वर घर. तो म्हणाला, "हे फुकटवाले काय काम करतील जी? पगार द्या, मग पाहा कसं चोख होते ते!" अन् स्वतःच्या खर्चानं त्यानं गल्लीला एक चौकीदार लावला.

पहिल्याच संध्याकाळी मी पाहायला गेलो. सारी गल्ली काळोखात गुडूप. चौकीदार शिट्या मारत फिरून राहिला, अन् साडूच्या वरच्या खोलीत बल्ब लखलखून राहिला!

मी चौकीदाराला विचारलं, "काहो भैया, वो बत्ती नहीं दिखती?"

"दिखती है साहब. पर तनख्वाह वहीं से मिलती है."

मी त्याच्या हातातली शिटी घेतली अन् खिडकीखाली उभा राहून अशी फुंकली, की साडू धडपडत बाहेर आला.

"कोण आहे रे?"

"फुकटवाला," म्हटलं. "दिवा विझव!"