एसटी आली नाही तर

निसार मास्तर : परत वाच, शालन. सावकाश.

शालन : 'एसटी आली तर सयाजी मुरगूडला जाईल. एसटी आली नाही.' मग न्हाईच जाणार की, मास्तर. परीक्षेत मी तसंच लिवलं.

निसार मास्तर : तिथंच मार्क गेला. एसटी आली तर काय, एवढंच दिलंय. नाही आली तर काय, ते कुठं लिहिलंय?

शालन : म्हंजे सायकलवरनं जाईल?

निसार मास्तर : जाईल, नाहीतर घरी बसेल. आपल्याला माहीत नाही. उत्तर काय? 'सांगता येत नाही.'

पिराजी : मास्तर, आता कशाला तिचं डोस्कं शिणवताय? शिष्यवृत्ती हुकली. सातवी झाली, बास झालं.

निसार मास्तर : थोडक्यात हुकली, पिराजी. पोरगी हुशार आहे. आठवीला घाला.

पिराजी : शिष्यवृत्ती मिळाली तर घालतो, आसा सबुद दिलता मी. मिळाली न्हाई. इषय संपला.

शालन : आबा, मिळाली तर घालतो म्हणालासा. न्हाई मिळाली तर काय, ते कुठं म्हणालासा?

पिराजी : हे शिकवलंसा व्हय मास्तर? बापाच्या तोंडाला लागाय?

निसार मास्तर : मी गणित शिकवलं. पण ती बरोबर बोलतीय.

पिराजी : गणितात आसंल बरोबर. हितं हिची आई हातरुणाला खिळलीया. मी उद्यमनगरात फौंड्रीत लोखंड वतायचं, का घरात बसून तिला पाणी पाजायचं? शेजारची चिमणाबाई तरी किती दिस येणार?

शालन : मी पाटंचं उठून समदं करीन. मधल्या सुट्टीत पळत यीन.

पिराजी : आन् सुट्टीच्या आधी तिला काय झालं म्हंजे?

शालन : आबा, खरं सांगा. मिळाली असती तर घातलं असतंसा?

(पिराजी टोपी काढून हातात घेतो.)

शालन : बोला की.

पिराजी : न्हाई.

निसार मास्तर : मग शब्द कशाला दिलात हो?

पिराजी : ही मोठ्यानं वाचाय लागली की हिची आई पडल्या पडल्या हासायची. मला न्हाई म्हणवंना. वाटलं, परीक्षाच म्हणंल न्हाई. निकालादिशी गल्लीच्या तोंडाला उभा हुतो. पोरी, तू रडत आलीस, आन् मला, तुझ्या बापाला, सुटल्यागत वाटलं.