अमुकाबाईचं बारसं

मंडळी, आज एक साधाच प्रश्न विचारतो. गाणं राहतं कुठं?

बोला की! — ओठांवर? बरं. पुस्तकात? तेही बरं. — काय म्हणालात मागून? यूट्यूबवर? शाबास! खरं बोलायला लाजायचं कशाला? पण मग मला सांगा, ओठ थकले, पुस्तक मिटलं आणि मोबाइलची रेंज गेली, तर गाणं मेलं का? का आणखी कुठं उरतं? आज त्याचाच शोध घ्यायचाय. पेटीवाले, सूर धरून ठेवा. आणि झांजवाले — डोळे उघडे ठेवा, महाराज!

तर ऐका. उंबरवेळ नावाचं एक गाव. तिथं एक गोदूमावशी. कुणाची मावशी? अहो, सगळ्या गावाची! कुणाचंही बारसं असो, पाळणा म्हणायला मावशीच. आणि तिचा पाळणा कसा?

हलवा गं हलवा, पाळण्याची दोरी,
सखू निजली, चांदण्याच्या घरी!

सखूचं बारसं असलं की सखू. बन्याचं असलं की 'बन्या निजला'. बाप कुंभार असेल तर मावशी गाण्यात चाक फिरवणार, आजी कजाग असेल तर तिलाही एक चिमटा काढणार! दोनदा सारखा पाळणा कुणी ऐकला नाही. आणि गावात म्हणत, पाळण्यात ज्याचं नाव आलं ते लेकरू गावाचं झालं.

मग शाळेत आले देवधर गुरुजी. भला माणूस! म्हणाले, "मावशी, तुम्ही आहात तोवर ठीक. पुढं काय? मी लिहून घेतो, छापतो." लिहायला बसले आणि अडले की! नाव कुणाचं घालायचं? सखूचं छापावं तर बन्याची आई भांडायला येणार! गुरुजींनी डोकं चालवलं आणि छापलं — 'अमुक निजली, चांदण्याच्या घरी.' झालं! पुस्तिका घरोघर गेली, देव्हाऱ्याशेजारी बसली. आणि मग आला मोबाइल. शहरातल्या कुणा गायिकेनं पुस्तिकेतला तोच पाळणा बासरी-बिसरी लावून गायला. गोड! खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुबईतली पोरं त्यावर झोपायला लागली.

अहो वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसून मला मोबाइलमधून काय बघताय? मी इथं सगळाच्या सगळा उभा आहे की! — असो.

आता गोष्टीची गाठ. याच गावची लेक मेघना. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा काही हलेना. नवस झाले, डॉक्टर झाले, लोकांचे टोमणे झाले. आणि शेवटी झाली हो, मुलगी झाली! माहेरी बारसं ठरलं. नाव ठरलं शाल्मली. मेघनाची एकच इच्छा, "माझं नाव गोदूमावशीच्या पाळण्यात आलं होतं, तसं माझ्या लेकीचंही यायला हवं."

पण मावशीला घशाचं दुखणं झालेलं. जीव वाचला, आवाज गेला. नुसती कुजबुज उरली. मेघना रडकुंडीला आली. "मावशी, तू नाहीस तर कोण म्हणणार गं?"

मावशीनं तिच्याकडे बोट दाखवलं.

"मी? छे! मला शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणायच्या, मेघना, तू नुसते ओठ हलव!"

आला बारशाचा दिवस. बायका जमल्या, घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला फुलं लागली. मेघनाची नणंद पल्लवी, मोठी हौशी! "वहिनी, काळजीच सोडा! मी फोन लावते." लावला फोन. बासरी वाजली, बायकांनी माना डोलावल्या, आणि गायिका म्हणते कशी —

"आरुष निजला, चांदण्याच्या घरी!"

अगं बाई! मुलगी झालीय ना? सगळ्या पाळण्यात वाकून बघायला लागल्या! गायिकेनं आपल्या भाच्याचं नाव घातलं होतं हो, बिचारीचा काय दोष? तोवर गाणं थांबलं आणि फोनमधून एक बुवा गरजला, "आजच घ्या! घराला मजबुती देणारं सिमेंट!" शाल्मलीनं असा टाहो फोडला म्हणता!

"बंद करा ते!" म्हणत कुसुमकाकू पुढं सरसावल्या. मेघनाची काकू, आवाज खणखणीत. काढली पुस्तिका, लावला चष्मा. छापलेलं तसंच म्हणायचं, हा काकूंचा बाणा.

"अमुक निजली, चांदण्याच्या घरी!"

पल्लवी मुलीची आत्या. कानात नाव सांगायचा मान तिचा. त्या गोंधळात ती बिचारी वाकली, "कुर्रर्र!" केलं, आणि तोंडून निघालं, "अमुक!" बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले! बाहेर ओटीवर आजोबांनी तेवढंच ऐकलं आणि आल्यागेल्याला सांगत सुटले, "घ्या, घुगऱ्या घ्या, आमच्या नातीचं नाव अमुकाबाई!"

हसा, हसा! पण आत मेघनाच्या डोळ्यांत पाणी. एवढी वाट पाहून लेक आली आणि तिच्या नावाचा पाळणा नाही! बाळ रडतंय, आई रडतेय.

तेव्हा गोदूमावशी उठली. पुस्तिका घेतली, 'अमुक'वर बोट ठेवलं आणि मेघनाच्या कानाशी कुजबुजली, "पोरी, हे नाव नव्हं. हा मांडून ठेवलेला पाट हाय. ज्याचं बारसं त्यानं बसायचं. मास्तरानं पाट जपला, त्या बाईनं चाल जपली. बसव की तुझ्या लेकीला!"

मेघनानं दोरी धरली. तोंड उघडलं. सूर? कुठला सूर! पेटीवाले, तुम्ही तिथं असता तर पळून गेला असता!

"शा…ल्मली निजली… चांदण्याच्या घरी…"

नाव लांब, ओळीत बसेना. मग तिनं ओळच ताणली! आणि पुढं काय झालं बघा. पुस्तिकेत नाही, फोनमध्ये नाही, मावशीनंही कधी म्हटली नाही, अशी ओळ आली —

आली माझी शाल्मली, उशीर किती केला,
वाट बघून बाई, डोळा दुखून गेला!

मग कुसुमकाकूंनी चष्मा काढला, पदर डोळ्यांना लावला आणि खणखणीत आवाजात तीच ओळ धरली. मागून पल्लवी, मागून साऱ्या! मावशी नुसते ओठ हलवत होती आणि हसत होती. बाळ? रडायचं विसरलं. आईकडे टकामका बघत राहिलं.

इथंच संपलं म्हणता? छे! पल्लवीनं त्याची क्लिप केली होती, ती गेली गावोगाव. महिन्याभरात घाटावर एका मुलाचं बारसं. बायकांनी मोठ्या हौसेनं फोन लावला आणि त्या बाप्याला हलवताहेत, "आली माझी शाल्मली!"

आता कपाळाला हात लावू, का हसू?

मंडळी, माझं पुस्तकाशी वाकडं नाही, फोनशी तर नाहीच नाही. जपू द्या त्यांना. पण पाटावर बसायचं कुणी? ते काम कागदाचं नाही, बॅटरीचंही नाही. 'आम्हाला कुठं गाता येतं' म्हणता! अहो, तुमच्या लेकरानं कधी तुमचा सूर तपासलाय? गाणं कुठं राहतं ते कळलं ना? त्या रिकाम्या पाटापाशी, तुमची वाट बघत!

हं, त्या हिरव्या लुगड्यातल्या आजी. हो, तुम्हीच! नातीचं नाव काय? — काय? मोठ्यानं! — श्रीनिधी? वा! मग घाला की ओळीत! पेटी बंद, झांजा बंद. लाजू नका, आजी. आम्ही सगळे मागून आहोत. म्हणा —