आठचा भोंगा

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौंसरच्या गाडीसाठी थांबलो होतो. मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या.

"अंबाबाई, मंदीत कापसाची जिन तर बंद पडली. मंग तिचा भोंगा आमच्या तिगावपरेंत कसा ऐकू येते वो?"

"आमच्या वार्डाच्या मेंबरनं पालिकेच्या छतावर बसवला. म्हणे, भोंगा वाजला का लोकाइले धीर येते."

"आला का धीर?"

"आमचे हे आठाच्या आधी आंघोळ करतात. भोंगा झाला का डबा घेऊन निघतात."

"कुठी? गेटले तं कुलूप आहे न!"

"त्या कुलपापाशीच बसून राहिले सारे. बाराचा भोंगा झाला का डबे सोडतात."

"मेंबरले सांगा न."

"सांगतलं. थो म्हणे, माणसं टाइमावर घराबाहेर निघून राहिली, हे का कमी आहे?"

"अन् तुम्ही कुठी निघाल्या?"

"सौंसरले. संत्र्याच्या पेट्या भरायले बाया पायजेत म्हणे. घरी नाही सांगतलं. गाडी काहून नाही येऊन राहिली वो?"

"येईन न. बसा."

"वाजला पाहा भोंगा! निघाले असतीन."

"डबा भरून ठेवला न?"

"डबा ठेवला. पोळ्या माझ्या थैलीत आहेत."